नॉर्वेत बाई खरंच बरोबरीची असते का? आणि आपल्यासारखी बाहेरून आलेली बाई?

प्रश्न पुण्याहून आला आहे. नवऱ्याला ट्रॉनहाइममध्ये नोकरी लागली आहे. विचारणारी स्वतः दहा वर्षं आयटीत काम करते, मुलगी तीन वर्षांची आहे. सासरची, माहेरची मंडळी म्हणतात, "नॉर्वे म्हणजे बायकांचं माहेर, जा बिनधास्त." तिला मात्र तीन गोष्टी सतावतात. तिथली समानता खरी की कागदावरची? ती गोऱ्या नॉर्वेजियन बायकांपुरती आहे की सावळ्या, वेगळ्या आडनावाच्या बाईलाही मिळते? आणि नवऱ्याच्या व्हिसावर जायचं म्हणजे आपण पुन्हा शून्यावर येणार का?

मी मूळची साताऱ्याची. नॉर्वेत एकवीस वर्षं झाली. त्यातली सतरा वर्षं कम्यूनमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, बाहेरून आलेल्या कुटुंबांची सल्लागार म्हणून काम केलं. या टेबलावर मी शेकडो बायका आणि पुरुष ऐकले आहेत. खाली ज्यांच्या गोष्टी सांगते त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सरळ उत्तर आधी देते. समानता खरी आहे. पण ती लोकांच्या स्वभावात कमी आणि कायद्यात, पगारपत्रकात, सुट्टीच्या हिशोबात जास्त आहे. म्हणून ती समजून घेऊन वापरावी लागते. ती बायकांना आधी मिळाली, अल्पसंख्याकांना फार उशिरा आणि अजून अपुरी मिळाली. तुम्ही दोन्ही आहात, म्हणून दोन्ही गोष्टी सांगते.

एका शब्दापासून सुरुवात करते, कारण मला हा देश त्या शब्दावरून कळला. नॉर्वेजियन भाषेत समतेला 'लीकहेट' म्हणतात आणि सारखेपणालाही 'लीकहेट'च म्हणतात. आपल्याकडे समता वेगळी, सारखेपणा वेगळा. बाबासाहेबांनी मागितली ती समता. सगळ्यांनी एकसारखं दिसावं, एकसारखं जेवावं असं त्यात कुठे नव्हतं. इथे हे दोन अर्थ एकाच शब्दात राहतात, आणि माझ्या मते या समाजाचं सगळं चांगलं आणि बरंचसं वाईट त्या एका घरोब्यातून आलं आहे.

आधी चांगलं बघू. तुमची मुलगी बार्नेहागेत, म्हणजे इथल्या बालवाडीत जाईल. वय एक वर्ष झालं की जागा मिळणं हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे, 2009 पासून. फीला सरकारने मर्यादा घातली आहे; ऑगस्ट 2025 पासून ती महिन्याला 1200 क्रोनर आहे. इथल्या पगारांच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. संध्याकाळी चारच्या सुमाराला बार्नेहागेच्या फाटकात उभं राहून बघा. मुलांना न्यायला आलेल्यांत बाप किती आहेत ते मोजा. कुणी इंजिनिअर, कुणी डॉक्टर, कुणी बसचालक. साहेबाची बैठक चालू असताना "मुलाला आणायला जायचंय" म्हणून पुरुष उठून जातो आणि त्याला कुणी काही बोलत नाही.

हे पुरुष जन्मतः असे नव्हते. 1993 मध्ये सरकारने बाळंतपणाच्या भरपगारी रजेतले 4 आठवडे फक्त बापासाठी राखून ठेवले. बापाने घेतले नाहीत तर ते आठवडे बुडाले, आईला मिळत नाहीत. त्याआधीही बापाला रजा वाटून घेता येत होती, पण फार थोडे जण घेत. राखीव केल्यावर काही वर्षांतच बहुतेक बाप घ्यायला लागले. आज पूर्ण पगारावर 49 आठवड्यांची रजा असते: बाळंतपणाआधीचे 3 आणि नंतरचे 15 आठवडे आईचे, 15 बापाचे, उरलेले 16 दोघांनी ठरवून वाटायचे. मधल्या काळात हा बापाचा वाटा राजकारणात खाली-वर झाला. 2014 मध्ये तो 10 आठवड्यांवर आणला, आणि लगेच बापांनी रजा कमी घ्यायला सुरुवात केली. 2018 मध्ये तो पुन्हा वाढवला. ज्यांना वाटतं की समानता हा संस्कारांचा प्रश्न आहे, त्यांनी ही आकड्यांची चढउतार जरूर बघावी.

कोल्हापूरकडचा एक तरुण मला आठवतो. बाळाला लस द्यायला हेल्सेस्टाशूनवर, म्हणजे बालआरोग्य केंद्रावर, एकटाच आला होता. तिथे बसल्याबसल्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडून पहिला प्रश्न: "सूनबाई कुठे आहे? तू का बाळ घेऊन फिरतोयस?" तो म्हणाला, "ती कामावर आहे, आता माझी रजा आहे." आईला ते पटलं नाही, फोनवर बराच वेळ शांतता होती. पण त्या पंधरा आठवड्यांनंतर त्या घरातली एक गोष्ट कायमची बदलली. बाळाला ताप आला की काय करायचं, कोणतं औषध कुठे ठेवलंय, कोणत्या रडण्याचा काय अर्थ, हे त्याला बायकोला विचारावं लागत नाही. मुलाच्या आजारपणासाठी बारा वर्षांपर्यंत आईला वर्षाला 10 आणि बापालाही 10 दिवसांची वेगळी भरपगारी रजा असते. ती तो घेतो. मी समानतेवरची खूप भाषणं ऐकली आहेत, त्यापेक्षा मला हे घर जास्त सांगून गेलं.

इथे एक अट लक्षात ठेवा, कारण आपल्या बायका नेमक्या इथे अडकतात. आईचा रजेचा पगार हा तिच्या स्वतःच्या कमाईवर ठरतो. मागच्या 10 महिन्यांत निदान 6 महिने कमाई झालेली हवी. ती नसेल तर फक्त एकरकमी मदत मिळते. म्हणजे नॉर्वेचा सगळा समानतेचा वाडा बाईच्या नोकरीच्या पायावर उभा आहे. पेन्शन तसंच, आजारपणाचा भत्ता तसाच. गृहिणी म्हणून राहण्यात कमीपणा काही नाही, पण या व्यवस्थेत ती बाई अर्धी अदृश्य असते. म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच देऊन टाकते: काम शोधायचं, पहिल्या महिन्यापासून.

इथे हे सगळं कुठून आलं? मागितल्याशिवाय आलं नाही. गिना क्रोग नावाच्या बाईने 1884 मध्ये हाग्बार्ट बर्नर यांच्यासोबत स्त्री-हक्क संघटना काढली. 1905 मध्ये स्वीडनशी असलेलं नातं तोडायचं का यावर देशात सार्वमत झालं. मतदान फक्त पुरुषांचं होतं: तोडण्याच्या बाजूने 3,68,208 आणि विरोधात 184. बायकांना मत नव्हतं, म्हणून त्यांनी गावोगाव हिंडून स्वतःच्या सह्या गोळा केल्या, थोड्याच दिवसांत जवळजवळ अडीच लाख, आणि त्या संसदेपुढे ठेवल्या. देश घडवायला आम्ही चालतो तर मत द्यायला का नाही, या प्रश्नाला त्यानंतर उत्तर उरलं नाही. 1907 मध्ये उत्पन्नाची अट घालून आणि 1913 मध्ये सरसकट मताधिकार मिळाला. अर्थात गरिबांसाठीच्या सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना, बाई असो वा पुरुष, 1919 पर्यंत मत नाकारलं जात होतं. 'सगळ्या' या शब्दात कोण बसतं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

1978 मध्ये समानतेचा कायदा झाला आणि त्याच्यासोबत समानता लोकपाल हे पद आलं, अशा प्रकारचं जगातलं पहिलं पद. पहिल्या लोकपाल एवा कोलस्टाड. 1986 मध्ये ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांनी 18 जणांच्या मंत्रिमंडळात 8 बायका घेतल्या, आणि तेव्हापासून इथे कोणत्याही पक्षाला त्या प्रमाणाच्या फार खाली जाण्याची हिंमत झालेली नाही. मोठ्या भागधारक कंपन्यांच्या संचालक मंडळात निदान 40 टक्के जागा प्रत्येक लिंगाच्या, हा कायदा 2003 मध्ये झाला. तो लावून धरणारा मंत्री उजव्या पक्षाचा होता, हे मला अजूनही विशेष वाटतं. आपल्याकडे आरक्षणावर होणारे वाद इथेही झाले, "लायक बायका कुठून आणायच्या" वगैरे. बायका सापडल्या.

काय राहिलं आहे तेही सांगते. बायकांचा मासिक पगार सरासरीने पुरुषांच्या 88 टक्क्यांच्या आसपास आहे. साधारण तीनातली एक नोकरदार बाई अर्धवेळ काम करते. नर्स, बालवाडीतली शिक्षिका, वृद्धाश्रमातली सेविका म्हणजे बाई. तेल, बांधकाम, यंत्रं म्हणजे पुरुष. ही विभागणी इतकी ठाम आहे की पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी चकित झाले. पुण्यात तुमच्या टीममध्ये निम्म्या मुली असतील. इथल्या टीममध्ये तुम्ही एकट्या बाई असाल, ही शक्यता मोठी आहे. बायकांवरची हिंसाही इथे आहे. बलात्काराच्या कायद्यात संमती हा निकष यायला 2025 उजाडलं, शेजारच्या स्वीडनने तो 2018 मध्येच आणला होता.

आता दुसरी गोष्ट, आणि ही सांगताना मला जास्त वेळ हवा आहे.

फेब्रुवारी 1981. ग्रो हार्लेम ब्रुंटलांड देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान होऊन काही दिवसच झाले होते. त्यांच्या कचेरीत डझनभराहून अधिक सामी बायका भेटायला आल्या, पारंपरिक पोशाखात. सामी म्हणजे उत्तरेतले मूळ रहिवासी, त्यांच्यातले काही रेनडियर पाळणारे. आल्टा नदीवर धरण होणार होतं, आणि त्या सांगायला आल्या होत्या की ती आमची जमीन आहे, काम थांबवा. बोलणं झालं, पंतप्रधान निघून गेल्या, बायका मात्र उठल्या नाहीत. तिथेच बसून राहिल्या. शेवटी पोलिसांनी त्यांना उचलून बाहेर काढलं.

मी ही गोष्ट वर्गात सांगते तेव्हा क्षणभर थांबते. एका बाजूला बायकांनी शंभर वर्षं झगडून मिळवलेली खुर्ची, आणि त्याच खोलीतून उचलून बाहेर नेलेल्या बायका. दोघी बायकाच. एकीला समता मिळाली होती, कारण ती पुरुषांच्या 'सारखी' आहे हे तिने सिद्ध केलं होतं. दुसरीला हवी होती वेगळं राहूनही मिळणारी समता, आणि 'लीकहेट' या शब्दात तिला जागा नव्हती.

त्याआधीची शंभर वर्षं सामी लोकांवर 'फोर्नोश्किंग' चाललं होतं, म्हणजे त्यांना नॉर्वेजियन करण्याचं धोरण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत मुलांना त्यांच्या भाषेपासून तोडलं. वसतिगृहांत सात वर्षांची मुलं अशा भाषेत शिकत होती, जी त्यांना कळतच नव्हती. 1902 च्या कायद्याने उत्तरेकडच्या फिनमार्क प्रांतात सरकारी जमीन विकत घ्यायची तर नॉर्वेजियन बोलता-लिहिता यावं लागे. हे करणारे स्वतःला क्रूर समजत नव्हते. 'सगळे सारखे झाले की सगळे समान' असं त्यांना मनापासून वाटत होतं. घरोघरी आजी-आजोबांनी सामी असल्याचं लपवलं. माझी एक नॉर्वेजियन सहकारी चाळिशीत आली तेव्हा तिला कळलं की तिची आजी सामी बोलायची. ते सांगताना ती रडत होती.

तुम्ही ट्रॉनहाइमला येताय म्हणून मुद्दाम सांगते. सामींचा पहिला राष्ट्रीय मेळावा याच शहरात 6 फेब्रुवारी 1917 ला भरला, आणि तो भरवण्यात पुढे होती एल्सा लाउला रेनबर्ग नावाची दक्षिण सामी बाई. 6 फेब्रुवारी आज सामींचा राष्ट्रीय दिवस आहे. आणि शहरासमोरच्या फ्योर्डच्या पलीकडे फोसेन द्वीपकल्प आहे. तिथे रेनडियरच्या हिवाळी कुरणांवर पवनचक्क्या उभ्या केल्या, स्टोर्‌हेया आणि रोआन इथे मिळून 151. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2021 ला एकमताने निकाल दिला की त्यांचे परवाने बेकायदेशीर आहेत, सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग झाला आहे. निकालानंतर 500 दिवस उलटले तरी चक्क्या फिरतच होत्या. तेव्हा, फेब्रुवारी 2023 मध्ये, तरुण सामी ओस्लोत ऊर्जा मंत्रालयात जाऊन बसले. पोलिसांनी त्यांना उचलून बाहेर काढलं. 1981 सारखंच. नंतर सरकारने माफी मागितली, पुढे भरपाईचे करार झाले. चक्क्या अजून उभ्याच आहेत.

तरी आल्टाचं धरण बांधलं गेलं म्हणून ती लढाई वाया गेली असं कुणी समजू नये. तिच्यातूनच 1988 ची घटनादुरुस्ती झाली. 1989 मध्ये कारासोकला सामी संसद उघडली. 1990 मध्ये आदिवासींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार क्रमांक 169 सर्वांत आधी मान्य करणारा देश नॉर्वे ठरला. 1997 मध्ये राजे हाराल्ड यांनी माफी मागितली. जून 2023 मध्ये सत्य आणि सलोखा आयोगाचा अहवाल आला, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये संसदेने सामी आणि पूर्वी फिनलंडकडून आलेल्या क्वेन आणि वनफिन लोकांची माफी मागितली. चूक उघडपणे मान्य करण्याची ही सवय मी या देशात मनापासून मानते. ज्यूंवरही असाच अन्याय झाला होता. 1814 च्या राज्यघटनेने ज्यूंना देशात यायलाच बंदी केली होती. कवी हेन्रिक व्हेर्गेलान त्याविरुद्ध झगडत राहिले, आणि ते कलम त्यांच्या मृत्यूनंतर, 1851 मध्ये गेलं. 1942 मध्ये ओस्लोच्या बंदरातून 'डोनाउ' जहाजाने 529 ज्यूंना नाझी छळछावणीकडे नेलं, त्यांना पकडण्यात नॉर्वेजियन पोलीस होते. भटक्या रोमानी समाजाची तर मुलं काढून घेतली, बायकांची सक्तीने नसबंदी केली. आपल्याकडच्या फासेपारधी, कैकाडी वगैरे समाजांचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना हे वाचताना काही अनोळखी वाटणार नाही.

एवढा इतिहास तुम्हाला का सांगितला? कारण कामावर, बार्नेहागेत, शेजारी तुम्हाला जे जाणवेल त्याचं मूळ इथे आहे. उघड अपमान क्वचित होईल. बहुतेक माणसं सौजन्याने वागतील. पण तुम्ही 'वेगळ्या' असाल तोपर्यंत एक बारीक अंतर राहील, आणि ते अंतर तुम्ही सारखं होऊन मिटवावं अशी न बोललेली अपेक्षा असेल. डब्यात थंड पावाचा तुकडा आणि चीज आणा, अंधारात स्की करा, मुलीला उणे दहामध्येही बाहेर खेळू द्या. यातलं जे आवडेल ते मनापासून घ्या. मुलीला बाहेर खेळू देण्याच्या बाबतीत तेच बरोबर आहेत. पण घरची भाषा सोडू नका. एकेकाळी शिक्षकच घरी नॉर्वेजियन बोला असं सांगत. आज आरोग्य केंद्रातली नर्सही सांगेल की मुलाशी आपल्या भाषेत बोला. हा बदल सामींनी भोगलेल्या किमतीतून आला आहे.

नोकरीचं बोलू. 2012 मध्ये इथल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सारख्या शिक्षणाचे, सारख्या अनुभवाचे अर्ज जोडीजोडीने पाठवले, एकावर नॉर्वेजियन नाव, दुसऱ्यावर पाकिस्तानी. पाकिस्तानी नावाला मुलाखतीला बोलावलं जाण्याची शक्यता सुमारे 25 टक्क्यांनी कमी निघाली. खाजगी क्षेत्रात फरक जास्त होता. तुमचं नाव वाचून पाकिस्तानी की भारतीय हे कुणी बघत बसणार नाही. हे घाबरवायला सांगत नाही. चाळीस अर्जांना उत्तर आलं नाही तर तुम्ही स्वतःला दोष देऊ नये म्हणून सांगते. माझ्यासमोर बसून किती हुशार बायकांनी स्वतःला दोष दिला आहे, आणि दरवेळी मला वाईट वाटलं आहे.

उपाय आहेत. सरकारी खात्यांच्या जागांना अर्ज करा आणि अर्जात स्थलांतरित पार्श्वभूमीचा रकाना भरा. पात्र असाल तर अशा निदान एका उमेदवाराला मुलाखतीला बोलवणं त्यांना बंधनकारक आहे. मुलाखतीत गरोदरपणाबद्दल, मूल होण्याच्या विचाराबद्दल, धर्माबद्दल विचारायला कायद्याने मनाई आहे. डावललं गेल्याची शंका आली तर ज्याला घेतलं त्याचं शिक्षण आणि अनुभव लेखी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. 2018 पासून लिंग, वंश, धर्म, अपंगत्व, लैंगिकता, वय हे सगळं एकाच भेदभावविरोधी कायद्यात आलं आहे. त्याचा मोठा फायदा असा की 'बाई म्हणून' आणि 'भारतीय म्हणून' असे दोन वेगळे अर्ज करावे लागत नाहीत, दोन्ही मिळून झालेला अन्यायही त्यात बसतो. भेदभाव झाल्याचं सकृद्दर्शनी दिसलं तर तो झाला नाही हे मालकाला सिद्ध करावं लागतं. लोकपालाच्या कचेरीत सल्ला फुकट मिळतो, बर्गनच्या न्यायमंडळात तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

पण या सगळ्याहून मोठा उपाय म्हणजे भाषा. आयटीत इंग्रजीवर नोकरी मिळते, खरं आहे. बढती आणि मैत्री मात्र जेवणाच्या टेबलावर नॉर्वेजियनमध्ये होते. नवऱ्याचा परवाना कुशल कामगाराचा असेल तर तुम्हाला भाषेचे वर्ग फुकट मिळणार नाहीत, पैसे भरावे लागतील. ते भरा. घरखर्चात सगळ्यात आधी ते लिहा. नवरा इंग्रजीवर भागवतो आणि बायको नॉर्वेजियन शिकते, अशा घरात पाच वर्षांनी बायको पुढे गेलेली मी वारंवार पाहिली आहे.

आता नवऱ्याच्या व्हिसाबद्दल. तुमचे यजमान चांगलेच असतील, तरी हे प्रत्येक बाईला माहीत हवं. कुटुंबाच्या परवान्यावर आलेल्या पत्नीला पहिल्या दिवसापासून नोकरीचा हक्क असतो. सुरुवातीची काही वर्षं मात्र परवाना लग्नाशी बांधलेला असतो. विदर्भातली एक मुलगी माझ्याकडे आली होती. नवरा तिला मारत होता आणि सांगत होता, "पोलिसांत गेलीस तर व्हिसा रद्द, तुला एकटीला परत पाठवतील, मूल इथेच राहील." दीड वर्ष तिने हे खरं मानलं. परदेशी नागरिकांच्या कायद्याचं कलम 53 नेमकं याच्या उलट सांगतं: नवऱ्याच्या छळामुळे संसार मोडला तर बाईला स्वतःच्या नावाने राहण्याचा परवाना मिळू शकतो. मी तिला ते कलम छापून दिलं. ते तिने घडी करून चपलेच्या आत ठेवलं, पर्स नवरा तपासायचा म्हणून. प्रत्येक कम्यूनने पीडितांसाठी आसरा-केंद्राची सोय करायची हा 2010 पासूनचा कायदा आहे. तिथे राहायला पैसे लागत नाहीत, कुणाची शिफारस लागत नाही. हिंसेसाठी मदतीचा फोन 116 006, पोलीस 112. ती मुलगी आज एका दवाखान्यात काम करते, मूल तिच्याकडेच आहे.

आणि बार्नेवार्न, म्हणजे बालसंरक्षण खातं. हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या सासूबाई विचारतील, कारण 2011 मध्ये स्टॅव्हेंजरच्या एका भारतीय कुटुंबाची दोन मुलं काढून घेतली गेली ती बातमी घरोघर पोचली आहे. मी या खात्याच्या शेजारी बसून काम केलं आहे, तेव्हा दोन्ही बाजू सांगते. खात्याच्या हातून चुका झाल्या आहेत. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2019 पासून नॉर्वेला अनेक खटल्यांत दोषी धरलं आहे, कुटुंब पुन्हा एकत्र आणण्यासाठी पुरेसे प्रयत्न केले नाहीत म्हणून. परक्या संस्कृतीतलं प्रेम ओळखण्यात इथले अधिकारी कमी पडतात, हे मी स्वतः बैठकांत पाहिलं आहे आणि तिथे बोललेही आहे. इथेही तोच सारखेपणाचा हट्ट: चांगली आई म्हणजे आमच्यासारखी आई. पण बहुतेक प्रकरणांत खातं मूल काढून नेत नाही. घरी येऊन सल्ला देतं, बालवाडीत जागा मिळवून देतं, थकलेल्या आईला आधार देतं. हाताने जेवू घातलं, मूल आईजवळ झोपलं एवढ्यावरून कुणाचं मूल जात नाही. हात उगारण्याबद्दल मात्र इथे तडजोड नाही. आईबापांनाही मारायला 1987 पासून कायद्याने मनाई आहे, 'एक चापट' यातही सूट नाही. माझं मत विचाराल तर हा कायदा बरोबर आहे. बायकोला मारणं चूक आणि लेकराला मारणं संस्कार, असं दोन मापांनी मोजता येत नाही. या खात्याच्या अधिकाऱ्याने कधी भेटीला बोलावलं तर जा, दुभाषी मागा, तो हक्क आहे, आणि इतिवृत्ताची प्रत घ्या.

निघायच्या आधी करायची कामं: लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला अपोस्टिल करून घ्या, म्हणजे परदेशात चालेल असा सरकारी शिक्का मारून घ्या. तुमच्या पदवीच्या मूळ गुणपत्रिका आणा, झेरॉक्स नको. मागच्या कंपनीकडून इंग्रजीत, कामाचं नेमकं वर्णन असलेलं अनुभवपत्र घ्या. इथे पदापेक्षा तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत हे वाचतात. बँकेत खातं तुमच्या स्वतःच्या नावाने उघडा, नवऱ्याच्या खात्यावरचं दुसरं कार्ड म्हणजे खातं नव्हे. घर भाड्याने घेताना करारावर दोघांची नावं टाका. आणि बार्नेहागेचा अर्ज मुलीला ओळख क्रमांक मिळाल्याबरोबर भरा, कारण जागा मिळाली तरच तुम्ही मुलाखतींना मोकळ्या.

फेब्रुवारीच्या आधी पोचलात तर 6 तारखेला मुलीला घेऊन शहरात या. त्या दिवशी सामी झेंडे लागतात, लाल, निळा, हिरवा, पिवळा. बार्नेहागेतली मुलंसुद्धा त्या दिवशी सामी भाषेतले दोन-चार शब्द शिकतात. मी दरवर्षी असते.